गोजीची गोधडी

ही गोष्ट अगदी खरी आहे, बरं का. तुमची आई म्हणते मामाच्या गोष्टी म्हणजे नुसत्या थापा, पण ही तशी नाही. ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे पाहिली नाही, ऐकली. पण ज्याच्याकडून ऐकली तो माणूस जन्मात कधी खोटं बोलला नाही. कारण तो जन्मात कधी बोललाच नाही. आता न बोलणाऱ्या माणसाकडून गोष्ट कशी ऐकली, हे ज्याला विचारायचं असेल त्याने आधी पाय गोधडीच्या आत घ्यावेत. घेतले? मग ऐका.

एक होता राजा. त्याचं नाव भानजी, आणि त्याच्या नगराचं नाव आटोपनगर. राजाला एकच लेक होती, सात वर्षांची. तिचं नाव गोजी. गोजी तान्ही असतानाच तिची आई देवाघरी गेली होती, म्हणून राजाच तिची वेणी घालायचा. वेणी वाकडी यायची. पण राजाने घातलेली वेणी वाकडी आहे असं राजाला सांगणार कोण? गोजी सांगायची.

आता या आटोपनगरात एक जगावेगळी रीत होती. जे काम हाती घ्यायचं ते दिवेलागणीच्या आत उरकायचं. उरकलं तर ठेवायचं, नाही उरकलं तर मोडून टाकायचं. अर्ध्या कामावर रात्र आली की नगरावर संकट येतं, असं पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलेलं. रीत पाळली जाते की नाही हे बघायला एक मोठा अधिकारी होता. राज्यात फडणीस असतो, चिटणीस असतो, तसा हा उरकणीस. त्याचं नाव अंतोबा. लांब नाक, लांब कातर, आणि काखेत उशीएवढी जाड पोथी. त्या पोथीत सगळे नियम लिहिलेले. संध्याकाळ झाली की अंतोबा दारोदार फिरायचा आणि प्रत्येक दारात एकच विचारायचा, "उरकलं का?"

मग काय व्हायचं? लोक सकाळी विहीर खणायला घ्यायचे. संध्याकाळपर्यंत कमरेइतका खड्डा व्हायचा. मग अंतोबा यायचा. पाणी लागलं का? नाही. मग बुजवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा खणायला सुरुवात. दोनशे वर्षं ते विहीर खणत होते आणि पाणी अजून नदीवरूनच आणत होते. घरं एका दिवसात होतील एवढीच. माणूस वाकून आत शिरायचा आणि आत गेल्यावर वाकलेलाच राहायचा. दही नव्हतं, कारण विरजण रात्रभर ठेवावं लागतं. लोणचं नव्हतं, मुरायला वेळ कुठला? आंब्याचं एकही झाड नव्हतं. आणि गोधड्या? गोधड्या होत्या, पण रुमालाएवढ्या. एक छातीवर घ्यायची, एक पोटावर घ्यायची, आणि कूस बदलली की दोन्ही शोधत बसायचं.

सूट फक्त लहान मुलांना होती. अंतोबा पाळण्यापाशी यायचा आणि विचारायचा, "उरकलं का?"

आई म्हणायची, "कुठलं हो, अजून दात यायचेत."

मग अंतोबा मान हलवायचा आणि पुढच्या घरी जायचा. मूल एका दिवसात पुरं होत नाही, एवढं आटोपनगरालाही कबूल होतं.

तसे लोक सुखात असायला हवे होते, नाही का? कुणाचं काही बाकी नव्हतं. पण झालं होतं उलटंच. सकाळी डोळे उघडले तरी माणसं आढ्याकडे बघत पडून राहायची. उठून जावं असं कुठे काही वाट बघत नसायचं. राजा तर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पडून राहायचा. आढ्यावरच्या पाली त्याने मोजल्या होत्या. चौदा. त्यांतल्या जाड्या पालीचं नाव त्याने प्रधान ठेवलं होतं.

मग एकदा काय झालं, थंडीबाई आपली पिल्लं घेऊन डोंगरावरून निघाली होती. थंडीला पिल्लं असतात, बरं का. पांढरी, कापसासारखी, नाकाचा शेंडा तेवढा लाल. त्यातलं सगळ्यात धाकटं पिल्लू मागे राहिलं. त्याचं नाव गारठू. वाट चुकून ते आटोपनगरात आलं, एका खिडकीत दिवा दिसला म्हणून आत शिरलं, आणि समोर अंथरूण दिसलं तसं त्यात घुसून वेटोळं करून बसलं. ते अंथरूण गोजीचं.

गारठू वाईट नव्हता. त्याला नुसती ऊब हवी होती. पण तो ज्याच्याकडून ऊब घ्यायचा ते गार पडायचं, याला तो तरी काय करणार? पहिल्या सकाळी गोजीच्या पायांची बोटं निळी पडली. मग थंडी रोज बोटभर वर सरकायला लागली. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. शेगडी आणली तर गारठू जाऊन निखाऱ्यांवर बसला, आणि निखारे विझले. पकडायला जावं तर हाताला नुसता ओलावा लागायचा.

राजवैद्य आले. त्यांनी गोजीची नाडी बघितली, स्वतःची बोटं फुंकून गरम केली, आणि राजाला बाजूला घेतलं.

"महाराज, ही थंडी काळजाला पोचली तर पोर उठायची नाही," वैद्य म्हणाले. "हिला हनुवटीपासून पायांपर्यंत एकसंध गोधडी हवी. त्यात फट राहता कामा नये. फट दिसली की हा आत शिरतो."

आता आली का पंचाईत? सगळं नगर रुमालाएवढ्या गोधड्यांचं. शेजारच्या राज्यातून आणायची म्हणता? शेजारचं राज्य आठ दिवसांच्या वाटेवर. आणि जो प्रवास संध्याकाळच्या आत उरकत नाही तो आटोपनगरात कुणी कधी केलाच नव्हता. त्यांना रस्ताही माहीत नव्हता.

मग राजाने शंभर बायका बोलावल्या. प्रत्येकीने एकेक रुमालाएवढी गोधडी शिवली, आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या एकमेकींना जोडल्या. अंतोबा आला. उरकलं का? उरकलं. गोधडी गोजीच्या अंगावर घातली. पण शंभर तुकडे म्हणजे सांधे किती? ते तुम्ही उद्या मोजा. गारठूने मोजले नाहीत. तो एका सांध्यातून आत गेला, दुसऱ्यातून बाहेर आला, त्याला तो खेळच वाटला. सकाळी थंडी बोटभर वर.

मग राजाने नगरातली सगळ्यात चपळ बाई बोलावली. तिने एकटीने, एका दिवसात, अख्खी गोधडी शिवली. पण टाके कसले? हात-हातभर लांब. रात्री गारठूने त्या टाक्यांतून खिडकीसारखं डोकं बाहेर काढलं आणि गोजीकडे बघितलं. गोजीचे दात वाजत होते, तरी ती हसली. सकाळी थंडी आणखी बोटभर वर.

मग तिसऱ्यांदा राजाने डोकं चालवलं. दिवा लागला की दिवस संपतो ना? मग दिवाच लावायचा नाही. झाली दवंडी, कुणी दिवा लावायचा नाही, आज संपत नाही. अंतोबाने पोथीत बघितलं आणि म्हणाला, "नियमाला धरून आहे." सूर्य बुडाला. काळोख झाला. पण आज काही संपेना. त्या काळोखात कुणी बैलाचं दूध काढायला बसलं. न्हाव्याने प्रधानाची, खऱ्या प्रधानाची, पालीची नव्हे, अर्धी मिशी उडवली. आणि ती चपळ बाई चाचपडत शिवता शिवता कुठे गेली कुणास ठाऊक, तिने राजालाच गादीला शिवून टाकलं.

एवढ्यात काळोखातून गोजीचा आवाज आला. "आबा, दिवा लावा ना. तुम्ही दिसतच नाही."

मग राजाने गादीसकट उठून दिवा लावला. दिवा लागला म्हणजे दिवस संपला. अंतोबा कातर घेऊन आला. त्याने गोधडी उसवली आणि मग राजालाही उसवलं. खाली मान घालून तो म्हणाला, "महाराज, मला बरं वाटत नाही हे करताना. पण पोथी आहे." थंडी तोवर गोजीच्या गुडघ्यांना आली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच राजा उठला आणि एकटाच चालत नगराच्या वेशीबाहेर गेला. तिथे चिंचेच्या झाडाखाली ठकूआजी राहायची. राजाच्या आजोबांनी तिला नगराबाहेर काढलं होतं. तिचा गुन्हा काय? नवी नवरी होती तेव्हा तिने एक मोठी गोधडी शिवायला घेतली होती, आणि महिना झाला तरी ती उरकली नव्हती.

राजा बघतो तर काय, अंगणात सगळं अर्ध्यावर. अर्धी भिंत. अर्धी विणलेली टोपली. एक विहीर होती, तिच्या तळाशी पाणी होतं, आणि कडेला अजून खणायची कुदळ टेकवलेली. एक आंब्याचं झाड. आणि चुलीपाशी झाकून ठेवलेलं मडकं.

"आजी, हे तर सगळं राहिलेलंच आहे," राजा म्हणाला.

"हो ना रे," ठकूआजी म्हणाली. "म्हणून तर मला सकाळी उठायची घाई असते. बस. दहीभात खातोस?"

राजाने जन्मात पहिल्यांदा दही खाल्लं. वाडगा चाटूनपुसून साफ केला, आणि मग त्याला रडू आलं. मग त्याने गोजीचं सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

"तुम्ही शिवून द्या, आजी," तो म्हणाला.

"माझ्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही, बाबा. आणि ही गोधडी शिवायची त्याने, ज्याला त्या पोरीची थंडी सगळ्यात जास्त वाजते."

राजाने हात पुढे केला. त्याचे दात पहिल्या दिवसापासून वाजत होते.

मग ठकूआजीने कनवटीतून एक सुई काढली आणि दोऱ्याची एवढीशी गुंडी काढली. लिंबाएवढी.

"हा दोरा रात्रीतून वाढतो," ती म्हणाली. "पण एका ओळीपुरताच. जास्त नाही. दिवसाला एक ओळ शिवायची, बारीक टाक्यांची, आणि रात्री सुई कापडातच टोचून ठेवायची. दोरा तोडायचा नाही. तोडलास की वाढायचा थांबला. आणि वरून सुरू कर, हनुवटीकडून. थंडी खालून चढते आहे, तू वरून उतर. तुमची गाठ काळजाच्या खाली पडली पाहिजे. वर पडली तर उपयोग नाही."

राजा घरी आला. गोजीच्या आईची तीन जुनी लुगडी त्याने पेटीतून काढली, एकावर एक अंथरली आणि सुईत दोरा ओवायला बसला. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, तलवार धरणारा हात तो. सुई दिसेना, दिसली तर छिद्र सापडेना, सापडलं तर दोऱ्याचं टोक भलतीकडे. गोजी पडल्या पडल्या सांगायची, "आबा, जरा डावीकडे. तुमच्या डावीकडे." दुपार टळली, उन्हं कलली, आणि दिवेलागणीच्या घटकाभर आधी दोरा सुईतून पलीकडे गेला. राजाने सुई वर धरून गोजीला दाखवली. लढाई जिंकल्यावर त्याची छाती एवढी फुगली नव्हती.

आणि तेवढ्यात दारात अंतोबा. एका हातात पोथी, एका हातात कातर.

"उरकलं का, महाराज?"

राजाने लुगड्यांकडे बघितलं. एकही टाका पडलेला नव्हता. मग त्याने गोजीकडे बघितलं.

"आजचं उरकलं," राजा म्हणाला.

"आजचं?"

"आज सुईत दोरा ओवायचा होता. ओवला."

"आणि गोधडी?"

"ती आजची नाहीच, अंतोबा. आजचं एवढंच होतं."

अंतोबाने कातर उघडली. मग मिटली. माणूस कडक होता पण प्रामाणिक होता. पोथीत नसेल तर तो गवताची काडीही कापायचा नाही.

"आजचं उरकलं तर चालतं की नाही, हे पोथीत बघावं लागेल," तो म्हणाला, आणि तिथेच मांडी घालून वाचायला बसला. पण पोथी उशीएवढी. एका दिवसात वाचून होत नाही म्हणून आजवर एकही उरकणीस पहिल्या चार पानांच्या पुढे गेला नव्हता. अंतोबा पाचव्या पानावर आला आणि त्याला जांभई आली. मग त्याने इकडे तिकडे बघितलं, पानात हळूच एक मोरपीस घातलं, आणि पोथी मिटून घरी गेला.

त्या रात्री राजाला झोप लागली. अशी लागली की घोरण्याने पाली जाग्या झाल्या. आणि सकाळी? सकाळी तो आढ्याकडे बघायला विसरला. उठल्या उठल्या गुंडीकडे धावला. दोरा खरंच वाढला होता, बरोबर एका ओळीपुरता.

दुसऱ्या दिवशी त्याने गाठ मारली आणि तीन टाके घातले. दोन कापडात, एक स्वतःच्या बोटात. तिसऱ्या दिवशी पहिली ओळ पुरी झाली. मुंगीला चक्कर आल्यावर ती जशी चालेल तशी ओळ. गोजी म्हणाली, "माझ्या वेणीसारखी आहे." राजाला ते कौतुकच वाटलं. त्याने ती गोधडी, एक ओळ शिवलेली आणि बाकी नुसतं कापड, तिच्या हनुवटीखाली पांघरली. आणि बरं का, जेवढी शिवलेली होती तेवढी उबदार होती. पुरी व्हायची वाट गोधडीने बघितलीच नाही.

संध्याकाळी अंतोबा आला. "उरकलं का, महाराज?"

"आजचं उरकलं. तुमचं पोथीवाचन उरकलं का?"

अंतोबाने घसा साफ केला. खाली बघितलं. मोरपीस जरा आत ढकललं.

"आजचं उरकलं," तो म्हणाला.

मग असं रोज चाललं. रोज एक ओळ, रोज चार पानं. थंडी खालून एक बोट वर यायची, गोधडी वरून एक बोट खाली यायची. राजाच्या ओळी सरळ व्हायला लागल्या. चौथी तिसरीपेक्षा बरी, सहावी पाचवीपेक्षा बरी. राजा शिवता शिवता गुणगुणायला लागला. तो मनातून घाबरलेला होता, गोजीचे पाय हातात घेतले की त्याच्या पोटात गोळा यायचा. पण सकाळी उठायला त्याला कारण होतं, आणि रात्री पाठ टेकताना आज आपण एक बोट खाली उतरलो हे माहीत असायचं. भीती आणि आनंद एकाच पोटात राहू शकतात, बरं का. जागा पुरते.

पण मग एक दिवस राजाला धीर निघेना. थंडी गोजीच्या कमरेच्या वर आली होती. राजाने मनाशी हिशेब केला, एक एक ओळ करून आपण पोचणार नाही. मग त्याने त्या दिवशी तीन ओळी शिवल्या. दोरा तर एकाच ओळीपुरता. मग टाके तिप्पट लांब. लांबून बघितलं तर झकास, गोधडी एकदम तीन बोटं खाली.

त्या रात्री गारठूला फट सापडली. सकाळी गोजीला हाक मारली तर तिने डोळे उघडले, पण हसली नाही. थंडी एका रात्रीत चार बोटं चढली होती.

राजा धावत वेशीबाहेर गेला. ठकूआजी टोपली विणत होती. तिने सगळं ऐकलं आणि एकच शब्द बोलली.

"उसव."

"आजी, अख्खा दिवस उसवण्यात जाईल. एक टाका पुढे जाणार नाही."

"जाऊ दे. आजचं काम तेच आहे. ते नीट कर."

मग राजा दिवसभर बसून उसवत राहिला. दोरा तुटू नये म्हणून एकेक टाका हलक्या हाताने काढायचा. संध्याकाळी दारात अंतोबा आला.

"उरकलं का, महाराज?"

"आजचं उरकलं."

"काय केलंत आज?"

"कालचं उसवलं," राजा म्हणाला.

अंतोबाने कातर जमिनीवर ठेवली. राजाच्या शेजारी बसला आणि लुगड्याची कड ताणून धरली. "महाराज, आमच्या आईचा हात शिवणात बरा होता," तो म्हणाला. "कापड असं ताणून धरलं की ओळ सरळ येते. उद्या मी लवकर येईन."

मग दुसऱ्या दिवसापासून अंतोबा कापड ताणून धरायचा आणि राजा शिवायचा. एक ओळ. फक्त एक. मोहरीएवढे टाके. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. गोजी आता बोलत नव्हती, नुसती बघत होती. राजा घाई करत नव्हता. मनात घाई घोड्यासारखी उधळत होती, पण हाताला तो म्हणत होता, बारीक, बारीक.

आणि मग एका संध्याकाळी वरून उतरणारी गोधडी आणि खालून चढणारी थंडी एकमेकींना भेटल्या. कुठे? गोजीच्या काळजाच्या बरोबर एक बोट खाली. त्या रात्री गारठू वर चढायला आला तर पुढे टाके. इकडे गेला, टाके. तिकडे गेला, टाके. त्याने नाक खुपसून बघितलं, मोहरीएवढीही फट नाही. सकाळी थंडी होती तिथेच. वर सरकली नाही.

"आबा," गोजी म्हणाली, "माझी वेणी घाला."

मग पुढचं सोपं होतं. म्हणजे सोपं नव्हतं, पण पूर्वीसारखंच होतं. रोज एक ओळ, आणि रोज थंडी एक बोट खाली. पोट उबदार झालं. मग गुडघे. मग पोटऱ्या. मग एके दिवशी गोजीने पायाचा अंगठा हलवला, आणि राजाने तो अंगठा सगळ्या दरबाराला बोलावून दाखवला.

गारठूचं काय झालं? तो बाहेर राहिला. गोधडीच्या बाहेरच्या बाजूला टेकून बसला. बाहेरूनही तिची ऊब लागत होती, थोडीशी, त्याला पुरेल एवढी. गोजी म्हणाली, "बसू दे त्याला, आता तो काही करत नाही." तो तिथेच पेंगला. मग थंडीबाई त्याला शोधत शोधत खिडकीशी आली, तिने पिल्लाला अलगद उचललं आणि ती त्याला घेऊन गेली. सकाळी गोधडीच्या कडेला दवाचा एवढासा ओला डाग होता. दर वर्षी हिवाळ्यात तो येऊन खिडकीतून डोकावतो. कुणाचे पाय बाहेर आहेत का बघतो.

तो ओला डाग दिसला त्याच दिवशी राजाने शेवटची ओळ पुरी केली आणि घट्ट गाठ मारली. आणि त्याच दिवशी अंतोबा पोथीच्या शेवटच्या पानावर आला. त्याने ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उलटून मागची बाजूही बघितली.

"काय लिहिलंय, अंतोबा?" राजाने विचारलं.

अंतोबाने मोठ्याने वाचून दाखवलं. ज्या पहिल्या राजाने ही रीत घातली त्याच्याच हातचं अक्षर होतं. "आज हात दुखतो आहे. उरलेले नियम उद्या लिहीन." त्यापुढे कोरं पान.

"महाराज," अंतोबा म्हणाला, "ही पोथीच उरकलेली नाही."

"मग काय, मोडून टाकायची?"

अंतोबाने पोथी छातीशी धरली. "नको. मला रोज चार पानं वाचायची सवय झाली आहे. उद्यापासून पुन्हा पहिल्या पानावरून घेईन." मग त्याने कातर उचलली आणि राजाच्या गाठीपाशी दोरा तेवढा कापला. ते त्या कातरीचं शेवटचं काम.

मग आटोपनगरात लोकांनी विहीर खणायला घेतली आणि संध्याकाळी कुदळी तिथेच टेकवून घरी गेले. सतराव्या दिवशी पाणी लागलं. विरजणं लागली, लोणची मुरली, आंब्याच्या कोयी लावल्या. ठकूआजीला पालखी पाठवली तर ती म्हणाली, टोपली पुरी झाली की येईन. आणि सकाळी सगळं नगर लवकर उठायला लागलं. पालींना फार एकटं वाटायला लागलं. राजा, गोजी, अंतोबा आणि ठकूआजी, सगळे आनंदाने राहिले, रोज थोडे थोडे.

झोप आली ना? आता दिवा बारीक करतो आणि जाता जाता एक कबुली देतो, नाहीतर तुमची आई सकाळी मला धरेल. या गोष्टीत एक जागा माझ्या पदरची आहे. गारठू खरा. न बोलणारा माणूस खरा. गादीला शिवलेला राजा तर इतका खरा, की त्याबद्दल शंका घेणाऱ्याला उद्या दही नाही. खोटं एवढंच, की राजाने शेवटची गाठ मारली आणि अंतोबाने दोरा कापला. गोष्ट संपवायची म्हणून मी ते जोडलं. ती गाठ कधी पडलीच नाही. कशी पडणार? गोजी वाढत होती. दर वर्षी चार बोटं उंच व्हायची आणि पाय बाहेर यायचे. मग राजा पायाशी नवं कापड जोडायचा आणि सुई पुन्हा हातात घ्यायचा. पुढे गोजीने तिच्या मुलीसाठी शिवली, त्या मुलीने तिच्या मुलीसाठी, आणि फिरत फिरत ती आपल्या घरात आली.

पायाकडची कड जरा चाचपून बघा. चक्कर आलेल्या मुंगीसारखी एक ओळ लागते बोटांना? ती माझी. तिच्या शेजारची सरळ ओळ तुमच्या आईची, ती लहानपणापासूनच अशी. त्यापुढचं कापड अजून कोरं आहे. सुई मी काढून डब्यात ठेवली आहे, आणि डबा कोनाड्यात आहे, तुमचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

आजचं उरकलं. पाय आत घ्या आणि झोपा.